वेशीपाशी थांबलेला धनी

मी एक म्हातारी खेचर आहे, मित्रांनो. ब्रुना हे माझं नाव. आई घोडी, बाप गाढव. त्यामुळे घोड्यांच्या तबेल्यात मी गाढव ठरले आणि गाढवांच्या कळपात शिष्ट. गारोन नदीच्या वरच्या अंगाला एका पाणचक्कीवाल्याच्या अंगणात माझा जन्म झाला. पाठीवर पिठाची पोती आणि पायाखाली ओले दगड, यातच माझं लहानपण गेलं. मला फारसं पळता येत नसे. पण पाऊल टाकण्याआधी मी दगड नीट बघत असे, आणि टाकलेलं पाऊल कधी निसटत नसे. चक्कीवाला आल्यागेल्याला सांगे, "ही पोर रस्ता एकदा बघते आणि जन्मभर विसरत नाही." ते ऐकलं की माझे कान आपोआप ताठ होत.

एके वर्षी द्राक्षं उतरवायच्या दिवसांत कास्तेरा टेकडीवरचे मोठे जमीनदार चक्कीवर आले. बरोबर त्यांचा तरुण मुलगा होता. त्याचा एक हात गळ्यात बांधलेला होता.

"घोड्याने पाडलं," वडील म्हणाले. "पाडणार नाही तर काय? हा लगाम सोडून कविता म्हणत होता. आता याला असं जनावर द्या, ज्याला स्वतःची अक्कल आहे."

"हिला आहे," चक्कीवाला म्हणाला. "थोडी धाकट्या मालकांनीही आणली, तर दोघांचं छान जमेल."

मुलगा रागावला नाही. तो खो खो हसला आणि त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला. तो आमानियू. माझा धनी. पुढे त्याची पुस्तकं दूरदूरच्या शहरांत वाचली गेली, त्याला बघायला परक्या मुलखांतून माणसं येऊ लागली. पण मी सांगते आहे ती त्याआधीची गोष्ट. तेव्हा तो मोंतरास शहराच्या न्यायालयात नुकताच लागलेला, सगळ्यांत धाकटा न्यायाधीश होता, आणि त्याला स्वतःच्या कामाचा मनापासून कंटाळा होता.

मोंतरास आमच्या टेकडीच्या पायथ्याशी, पुलापलीकडे. सकाळी आम्ही उतरत असू आणि संध्याकाळी चढत असू. वाटेत आमानियू मोठमोठ्याने बोले. तो एक ग्रंथ लिहीत होता. विषय होता, माणसाने मरणाला न भिता कसं जगावं. एखादं वाक्य जमलं की तो माझ्या मानेवर थाप मारून विचारी, "काय ब्रुना, पटतंय ना?" मी माशी उडवायला मान हलवली की त्याला वाटे, पटलं.

शहरात शिरल्या शिरल्या, नदीकडच्या वेशीला लागूनच, गिल्हेमचं घर होतं. गिल्हेम आमानियूचा जिवाभावाचा मित्र. नावाड्याचा मुलगा, पण स्वतःच्या बळावर शिकून शाळेत लॅटिन शिकवत होता. त्याला वाढवलं होतं त्याच्या विधवा आत्याने. तिचं नाव पेइरोना. ठेंगणी, जाड, कंबरेला कायम फडकं खोवलेलं. त्या घरामागे एक छोटी बाग होती आणि बागेत अंजिराचं झाड. त्या झाडाला मला बांधून दोघे मित्र तासन्‌तास वाद घालत बसत. आत्या मला शेंगांची टरफलं घाले आणि त्यांना लसणीचं सार.

"काय न्यायमूर्ती," ती एकदा म्हणाली, "आज कुणाला फासावर चढवलंत?"

"कुणालाच नाही, आत्या. दोन शेजाऱ्यांचं कुंपणावरून भांडण होतं."

"मग दोघांना माझ्याकडे पाठव. लाटण्याने निकाल लावते. आणि तुझं ते पुस्तक कुठवर आलं?"

"निम्मं झालं. थोरामोठ्यांनी मरणाबद्दल काय लिहून ठेवलंय, ते सगळं गोळा करतोय."

"त्यांनी ते मेल्यावर लिहिलं की आधी?"

गिल्हेमला असा ठसका लागला, की सार नाकातून बाहेर आलं. आमानियू लाल झाला, मग तोही हसत सुटला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस. पाठीवर हलकं ओझं, पोटात टरफलं आणि कानांवर हसणं.

मग साथ आली. गाठीचा प्लेग. खाली समुद्राकडून नावांबरोबर तो वर चढत आला. न्यायालयाने आपलं बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलवलं. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते गाड्या भरून निघून गेले. आमानियूने गिल्हेमला सांगितलं, "तू आणि आत्या माझ्याकडे या. टेकडीवर हवा चांगली आहे. उद्या सकाळी मी गाडी घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तयार होती. गाडीला मला जुंपलं होतं. आणि आमानियू वर खोलीत लिहीत बसला होता. नोकराने खालून दोनदा हाक मारली.

"हे एवढं प्रकरण संपवतो," तो खिडकीतून म्हणाला. "हाताला लागलंय, सुटलं तर परत सापडायचं नाही. दुपारी निघू."

आम्ही दुपारी निघालो. पुलावर पोहोचलो तेव्हा वेस बंद झालेली होती. दरवाजाची एकच फळी उघडून माणूस-जनावर जाण्यापुरती वाट ठेवली होती आणि तिथे पहारेकरी भाला घेऊन उभा होता.

"आत माझी माणसं आहेत," आमानियू म्हणाला. "त्यांना न्यायला आलोय."

"आतलं माणूस बाहेर येणार नाही, साहेब. सकाळीच हुकूम निघाला."

"मग मी आत जातो."

"जा की," पहारेकरी बाजूला सरकला. "आत जायला कुणाला बंदी नाही. परत यायचं मात्र विचारू नका. साथ संपेपर्यंत तुम्हीही आतलेच."

आमानियू उभा राहिला. फळीतून गिल्हेमच्या घराचं छप्पर दिसत होतं. मी आपणहून एक पाऊल पुढे टाकलं, कारण रस्ता माझ्या ओळखीचा होता. त्याने कासरा ओढून मला थांबवलं.

"आधी घरी सांगून येतो," तो पहारेकऱ्याला म्हणाला.

"या सांगून," पहारेकरी म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याने सकाळपासून असे पुष्कळ लोक बघितले असावेत.

आमानियू घरी गेला, आणि परत आला तो आत जायला नाही. माझ्या दोन्ही अंगांना टोपल्या बांधून आला. टोपल्यांत पाव, खारवलेलं बदक, चेस्टनट आणि वाइनचा बुधला. वेशीपाशी त्याने माझ्या गळ्यातला कासरा सोडला आणि माझ्या कानात म्हणाला, "जा ब्रुना. तुला माहीत आहे ना कुठे."

जनावराला जायला-यायला मनाई नव्हती. मी एकटीच निघाले. रस्त्यात शुकशुकाट होता. किती तरी दारांवर चुन्याने फुल्या मारल्या होत्या. पेइरोना आत्याने मला बघितलं आणि दोन्ही हात गालांना लावले.

"अगं माझी बाय! एकटीच आलीस? आणि तो कुठंय?" तिने माझ्यामागे रिकाम्या गल्लीत बघितलं. थोडा वेळ बघतच राहिली. मग टोपल्या उतरवताना स्वतःशीच म्हणाली, "बरं केलं नाही आला ते. पोरगं जगलं पाहिजे."

गिल्हेमला ताप भरला होता. घराच्या आतून त्याचा खोकला मला ऐकू येत होता.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. मी परत आले की आमानियू आधी मला नदीत उभी करी. टोपल्या व्हिनेगरने धुवी, जुनिपरच्या वासाळ झुडपाच्या काटक्यांचा धूर देई, आणि मगच त्यांना हात लावी. टोपल्या रिकाम्या बघून म्हणे, "खाल्लंय. म्हणजे ठीक आहेत." टेकडीवरच्या गावातले लोक त्याचं कौतुक करत. संकटात मित्राला विसरला नाही, असं म्हणत. माझंही कौतुक होई. पोरं दुरून ओरडत, "ती बघा, प्लेगला न भिणारी खेचर!" मित्रांनो, मला भीती म्हणजे काय हे माहीतच नव्हतं, म्हणून मी जात होते. यात कसलं आलंय शौर्य? भीती कळत असून जी आत राहिली होती ती आत्या होती. तिचं नाव मात्र कुणी घेत नव्हतं.

एके दिवशी आत्या भिंत धरून बाहेर आली. टोपली उचलताना तिने काखेत हात दाबला आणि दात आवळले. "गिल्हेमला आज बरं आहे," ती मला म्हणाली. "गाठ फुटली. आता तो उठेल." मग हसून म्हणाली, "तुझ्या धन्याला सांग, हे मी मरायच्या आधी बोलतेय म्हणून."

मला बोलता आलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी अंगणात कुणीच आलं नाही. मी अंजिराखाली उभी राहिले. आतून गिल्हेमची हाक ऐकू येत होती. "आत्या... आत्या, पाणी..." मग नुसतंच "आत्या." मी दारावर खूर आपटला. दार उघडलं नाही. उन्हं कलली तशी, शिकवल्याप्रमाणे, मी परत फिरले.

वेशीपाशी आमानियूने टोपलीचं झाकण काढलं. पाव जसाच्या तसा होता. बदक तसंच. बुधल्याचं बूचही निघालेलं नव्हतं.

तो कितीतरी वेळ त्या पावाकडे बघत राहिला. मग फळीपर्यंत गेला. एक हात फळीवर ठेवला. पहारेकरी बाजूला झाला. त्याने एक पाय आत टाकला. आतल्या बाजूने, बऱ्याच लांबून, प्रेतं नेणाऱ्या गाडीची घंटा वाजली. त्याने पाय मागे घेतला.

"भूक नसेल त्यांना," तो म्हणाला. मला म्हणाला की पहारेकऱ्याला, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा मला पाठवलं. त्या दिवशी गिल्हेम गुडघ्यांवर रांगत दाराबाहेर आला. चेहरा ओळखू येत नव्हता. माझ्या पायाला धरून तो कसाबसा अर्धा उभा राहिला, टोपलीतला पाव काढला आणि तिथेच, माझ्या पोटाला डोकं टेकून, रडत रडत खाऊ लागला. बाकीचं सगळं त्याने घरात ओढत नेलं.

टोपल्या रिकाम्या बघून आमानियू मोठ्याने हसला. "बघ! म्हटलं नव्हतं? ठीक आहेत!" त्याने माझी मान मिठीत घेतली. टोपल्या धुवायचं, धूर द्यायचं, काही काही त्याला सुचलं नाही.

थंडी पडली आणि साथ ओसरली. ज्या दिवशी वेस उघडली, त्या दिवशी आमानियू माझ्यावर बसून सगळ्यांत आधी आत शिरला. गिल्हेम दाराच्या पायरीवर उन्हात बसला होता. हाडांचा सापळा, आणि अर्धे केस पांढरे.

"आलास?" गिल्हेम म्हणाला.

"आलो. आत्या कुठंय?"

"बागेत."

आमानियू घाईघाईने बागेत गेला. अंजिराखाली मातीचा एक उंचवटा होता, त्यावर चुलीतला एक दगड ठेवलेला. तो परत आला तेव्हा त्याच्या गुडघ्यांना माती लागली होती.

"कुणी पुरलं?"

"मीच. गाडीवाले एकेका खड्ड्यात ढीग टाकत होते. मी तिला दिली नाही. खणायला मात्र फार वेळ लागला. अंगात जोर नव्हता."

"कधी गेली?"

"तो दिवस आठवतोय का तुला, टोपली भरलेली परत आली तो? त्या सकाळी."

आमानियू म्हणाला, "टोपली बघून मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही वाटून घ्यायचं नाही, असं मी ठरवलं."

गिल्हेमने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. "तू आला असतास तरी ती वाचली नसती," तो म्हणाला. "उलट तूही गेला असतास. म्हणजे हिशेब तुझाच बरोबर."

"असं बोलू नकोस. शिव्या दे मला."

"शिव्या द्यायलाही ताकद लागते रे. त्यापेक्षा पाणी भरून आण विहिरीवरून. मला दोन पावलंही चालवत नाही."

त्या दिवसापासून आमानियू रोज त्या घरी जाऊ लागला. पाणी भरी, लाकडं फोडी, आत्याच्या वाफ्यातलं तण काढी. न्यायाधीशाच्या हातांना फोड आले. एका दुपारी गिल्हेम म्हणाला, "तुझा ग्रंथ आण. ते प्रकरण वाचून दाखव. त्या सकाळी लिहीत होतास ते."

"नको."

"मला ऐकायचंय."

आमानियूने कागद आणले. अंजिराखाली, त्या उंचवट्याशेजारी बसून तो वाचू लागला. शहाणा माणूस मरणाकडे शेजाऱ्याकडे बघावं तसा बघतो, असं काहीसं होतं. पुढे वाक्य आलं की खरा मित्र मित्राच्या उशाशी निर्भयपणे बसतो. तिथे तो थांबला.

"थांबलास का? पुढचं तर छान आहे," गिल्हेम म्हणाला. "तापात मला तेच आठवायचं. तू पूर्वी म्हणून दाखवलेलं बरंच पाठ होतं मला. आत्यालाही म्हणून दाखवलं. तिलाही बरं वाटलं. म्हणाली, पोरगं लिहितं चांगलं."

आमानियूने मान वर केली.

"मग तिने विचारलं, हे लिहिणारा आहे कुठे? मी म्हटलं, वेशीवर आहे, आत्या. रोज जेवण पाठवतो."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, त्याला लोकर घालायला सांग. तिथे नदीवरचं वारं लागतं."

मित्रांनो, माझा धनी तोंड मातीत खुपसून रडला. गिल्हेमने त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. उठूनही गेला नाही. तो नुसता बसून राहिला.

वसंतात गिल्हेमने नदीखालच्या एका गावात शिकवायचं काम धरलं. नावेत सामान चढवताना आमानियूने विचारलं, "माझ्यावर रागावून जातोयस?"

"नाही. या घरात सारखी तिची पावलं ऐकू येतात, म्हणून जातोय." त्याने मित्राला मिठी मारली. मिठी खरी होती. पण पूर्वीसारखं काही त्यांच्यात राहिलं नाही, हे दोघांनाही कळत होतं, आणि पुलावर उभ्या असलेल्या मलाही.

न्यायालय परत आलं तेव्हा आमानियूसमोर पहिल्याच काही दिवसांत एक खटला उभा राहिला. साथीत रुग्णालयाचा एक रखवालदार काम टाकून डोंगरात पळाला होता. बाकीच्या न्यायाधीशांनी चाबकाची शिक्षा ठरवली. आमानियूने सही करायला नकार दिला आणि अंगातला झगा काढून ठेवला. मी बाहेर अंगणात होते. एक म्हातारे न्यायाधीश त्याच्यामागे पायऱ्या उतरत आले.

"एवढी दया आली त्याची?"

"दया नाही आली," आमानियू म्हणाला. "त्याला बघितलं आणि ओळख पटली."

तो पुन्हा कधी त्या इमारतीत गेला नाही. जुना ग्रंथ त्याने पेटीत टाकून ठेवला आणि नवं लिहायला घेतलं. आता वाटेने जाताना तो मला वाक्यं म्हणून दाखवत नसे. नव्या पुस्तकात त्याने लिहिलं की मी भित्रा माणूस आहे, आणि मोठे शब्द माझ्या अंगाला बसत नाहीत. इतकं मोकळेपणाने स्वतःबद्दल कुणी लिहिलं नव्हतं म्हणे. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. टेकडीवर पाहुणे येऊ लागले. "किती प्रामाणिक!" असं म्हणत. प्रत्येक स्तुतीबरोबर माझ्या धन्याची मान जरा जास्तच खाली जाई. कारण एवढ्या जाड पुस्तकात पेइरोनाचं नाव कुठेच नव्हतं. ते लिहायला त्याचा हात वळत नव्हता, असं तो एकदा खरारा करता करता मला म्हणाला.

त्याच सुमारास मी आजारी पडले. घसा सुजला, नाकातून पू वाहू लागला. तबेल्यातला माणूस म्हणाला, "धनी, लांब राहा. हा रोग माणसाला लागतो, आणि लागला की माणूस वाचत नाही. हिला मारून टाकू."

आमानियूने त्याला बाहेर काढलं आणि आत येऊन माझ्या गवतात बसला. माझं डोकं मांडीवर घेतलं. गरम पाण्याने नाक पुसलं, कोंड्याची पेज हाताने भरवली. घरातल्यांनी दाराबाहेरून हाका मारल्या. तो उठला नाही. तो माणसाला लागणारा रोग नव्हताच, नुसता घशाचा फोड होता. फुटला आणि मी बरी झाले. पण त्याला ते आधी कुठे ठाऊक होतं? तो मरणाच्या तयारीनेच बसला होता.

पाहुण्यांनी या गोष्टीचंही कौतुक केलं. एका जनावरासाठी जीव धोक्यात घातला म्हणाले.

मित्रांनो, मी आता थकले आहे. दात पडले, पाठ वाकली, ओझं उचलवत नाही. माझ्या धन्याने मला टाकलं नाही. ऊब आहे, पेज आहे. मी त्याच्यावर रुसलेली नाही, आणि तुम्हीही त्याला वाईट म्हणू नका. तुम्ही आणि मी त्या फळीपाशी उभे असतो तर काय केलं असतं, कोण सांगणार? पण एक गोष्ट फक्त मी बघितली आहे, ती सांगून ठेवते. माझं डोकं मांडीवर घेऊन तो बसला होता, तेव्हा तो माझ्याशी बोलतच नव्हता. पाण्यात फडकं पिळून माझं तोंड पुसता पुसता तो हळू आवाजात म्हणत होता, "हं, आत्या. झालं, आत्या. मी आहे इथे."

त्याच्या हातांत खूप माया होती. फक्त ती ज्या कपाळाला हवी होती, ते कपाळ केव्हाच मातीखाली गेलं होतं. म्हणून सांगते, कुणाच्या उशाशी बसायचं असेल, तर त्याच्याच उशाशी बसा, आणि त्याला तुमची हाक ऐकू येत असेल तेव्हाच बसा.